धुराडं बसवलं, साफ कोण करणार?



गेल्या आठवड्यात अमेरिकेतल्या पुतण्याचा फोन आला. त्याच्या घरात गार-गरम हवा खेळवणाऱ्या पत्र्याच्या नळ्या छतातून, भिंतींतून फिरवलेल्या आहेत. त्यांना तिकडे डक्ट म्हणतात. त्या साफ करून देणाऱ्यांची जाहिरात त्याच्या हातात पडली होती. "काका, नळ्या साफ केल्या की सर्दी-खोकला जातो म्हणे. करून घेऊ का?" मी बोदवडचा निवृत्त शिक्षक, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला. मला काय विचारतोस, असं म्हणणार होतो. पण जित्याची खोड! वाचायला बसलो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याचं म्हणणं सरळ आहे. नळ्या साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून नेमाने साफ करण्याची शिफारस ते करत नाहीत. आत बुरशी धरली, उंदीर-किड्यांनी घर केलं किंवा धूळ साचून वाट बंद झाली, तर मात्र साफ कराव्यात. पण तेच खाते आणखी एक गोष्ट सांगतं. घरात जळणावर चालणारी भट्टी किंवा शेगडी असेल तर दरवर्षी थंडीपूर्वी ती तपासून घ्या, नाहीतर कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊ शकते.

म्हणजे हवेच्या नळीआधी धुराच्या वाटेकडे बघा. हे वाचलं आणि आमच्या घरातलं धुराडं डोळ्यांसमोर उभं राहिलं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. थोडं रागाने लिहिणार आहे, आणि त्या रागातला बराचसा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे.

१९८०च्या दशकात 'निर्धूर चूल' गावोगाव आली. कल्पना जुनीच. वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' त्याआधीच तयार झाली होती. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून मात्र देशभर सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. दोन तोंडांची मातीची चूल, मागून निघालेला सिमेंटचा पाइप, तो छत फोडून वर. गावात प्रचार करायचं काम अर्थातच मास्तरांकडे! मी शाळेच्या ओट्यावर उभा राहून झकास भाषण केलं. धुराचे तोटे फळ्यावर लिहिले. उदाहरण म्हणून पहिली चूल माझ्याच घरात बसली.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. आमचा मुलूख कपाशीचा, त्यामुळे जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. पावसाळ्यात पऱ्हाट्या ओलावतात, नीट जळत नाहीत. धुरातली काजळी पाइपात चिकटत जाते आणि आतून डांबरासारखा राप चढतो. पाइपाचं तोंड अरुंद होत होत एके दिवशी धूर वर जायचाच थांबला आणि चुलीच्या तोंडातून उलटा घरात आला. त्यात धाब्यातून पाइप जिथे निघाला होता तिथून पाणी गळू लागलं ते वेगळंच.

मी सौ.ला म्हणालो, "तुला साधा पाइप साफ ठेवता येत नाही?"

ती काही भांडली नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "भाषन तं चांगलं झालं होतं. पन शिडीवर कोन चढीन?"

मी चढलो नाही. लुगड्यातल्या बाईने धाब्यावर चढून, काठीला फडकं बांधून पाइप खरवडावा, अशीच सगळ्यांची अपेक्षा होती. शेवटी पाइप निघाला, भोक बुजलं, चूल पूर्वीसारखी झाली. पुढे पाहणीचे कागद आले तेव्हा ज्या ज्या घरात चूल दिसली, तिच्यापुढे मी 'चालू' असं लिहिलं. माझ्या घरापुढेही लिहिलं. साफ करण्याचा रकानाच त्या कागदात नव्हता.

२००२ साली केंद्राने तो कार्यक्रम गुंडाळला. तोवर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद झाली होती. बसवलेल्या! पुढे ओडिशात सुधारित चुलींचा मोठा अभ्यास झाला. एस्थर डफ्लो, रेमा हॅना आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी शेकडो कुटुंबं चार वर्षांपर्यंत पाहिली. यातल्या डफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. निष्कर्ष असा, की पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, नंतर तो फायदा ओसरला. देखभाल झाली नाही, वापरही घटत गेला. तब्येतीत फरक दिसला नाही.

असं काही वाचलं की आमच्यातले शहाणे लगेच म्हणतात, "लोकांना किंमत नाही हो, बायका अडाणी." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. जी बाई रोज भांडी घासते, चूल सारवते, ती पाइपच साफ करायला आळशी कशी झाली? तिच्याकडे शिडी नव्हती, वेळ नव्हता आणि तिच्यासाठी वर चढणारा माणूस नव्हता. योजनेत पाइपाचे पैसे होते, पाइप झाडणाऱ्याच्या मजुरीचे नव्हते. आणि घरात मी होतो, पण मी मास्तर होतो!

कुणी म्हणेल, आता गॅस आला. उज्ज्वला योजनाही २०१६ पासून आहे. जुनी काजळी कशाला उकरता? कारण सवय तीच आहे. दर हिवाळ्यात पेपरात बातमी येते, बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून अंघोळीला गेलेलं माणूस परत बाहेर आलं नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आणि आपण काय करतो? थंडी लागते म्हणून न्हाणीघराच्या झरोक्यात पुठ्ठा कोंबतो. आमच्या गल्लीतल्या दोन घरांत मी स्वतः पाहिला आणि काढायला लावला. कुलरचंही तेच. समोरची खिडकी बंद ठेवायची आणि घर दमट झालं म्हणून कुलरला शिव्या द्यायच्या. टाकीत पाणी साचू द्यायचं आणि डेंग्यू आला की नशिबाला दोष.

वस्तू विकत घेताना घरातले पुरुष दुकानात चौघं जातात. साफ करायच्या वेळी मात्र ते बाईचं काम!

दोन वर्षांपूर्वी सौ.ला धाप लागायला लागली म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि तिला विचारलं, "आजी, बिडी-तंबाखूचा धूर कधी घेतला होता का?" ती हसली आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आता ती पंप ओढते, सकाळ-संध्याकाळ. माझ्या कागदावर आमची चूल अजून 'चालू'च असेल.

म्हणून माझं म्हणणं दोन वाक्यांत. कोणतीही योजना धुराची किंवा हवेची वाट बांधून देत असेल, तर ती साफ करणाऱ्याची मजुरी त्यात धरलीच पाहिजे आणि मोजणी बसवलेल्यांची नव्हे, दोन वर्षांनी मोकळ्या असलेल्यांची व्हावी. आणि घरात हे काम घरातल्या पुरुषाने करावं, नाव आणि तारीख कॅलेंडरवर लिहून.

आमच्या कॅलेंडरवर माझं नाव आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा उतरवून सोड्याच्या पाण्यात घासतो. उन्हाळ्यात दर आठवड्याला कुलरची टाकी कोरडी करतो. पंचाहत्तरीत स्टुलावर चढतो म्हणून सौ. खालून स्टूल धरते आणि बडबडते. बडबडू दे.

पुतण्याला कळवलंय, "डक्टचं राहू दे. भट्टीचा धूर बाहेर जातो ती नळी थंडीपूर्वी तपासून घे. तूच घे, सूनबाईला सांगू नकोस." त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. असो.