विचारायला लाज कसली?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ताई, मला नाही जमायचं. सोडते नोकरी." पतपेढीत लागून तिला जेमतेम वीस दिवस झाले होते. खोदून विचारलं तेव्हा कळलं, काम अवघड नव्हतंच. चाळिशीतली पहिली नोकरी, शेजारी विशीतली मुलं. कॉम्प्युटरवर नोंद कशी करायची, हे त्यांना विचारायचीच तिला लाज वाटत होती!

मैत्रिणींनो, सासरी आलो तेव्हा मिठाचा डबा कुठे, हे विचारलंच होतं ना आपण? नोकरीचे पहिले तीन महिने विचारण्याचेच. सांगितलेलं वहीत लिहून ठेवा, म्हणजे तेच पुन्हा विचारावं लागत नाही. आणि कामाबरोबर हक्काचंही विचारा. नेमणुकीचं पत्र मागा. पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापत असतील, तर यूएएन नंबर मागा. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रार समिती हवीच. तिच्यात कोण आहे, तेही विचारून ठेवा.

मैत्रीण टिकली. आता नव्या मुली तिलाच विचारतात.