डुलकी त्याची, चूक कुणाची?

परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्हीही जागला असाल. पहाटे चारला तीच ओळ तिसऱ्यांदा वाचायची आणि डोक्यात काही शिरायचं नाही. कॉफी झाली, तोंडावर पाणी मारून झालं, तरी मान डुलतेच. आता समजा, समोर पुस्तक नाही, उतरायला आलेली विमानं आहेत!

२३ मार्च २०११. मध्यरात्र उलटली होती. वॉशिंग्टनच्या रीगन विमानतळावर उतरणारी दोन प्रवासी विमानं टॉवरला हाका मारत होती. उत्तर नाही. शेवटी दोन्ही वैमानिक टॉवरच्या परवानगीशिवाय उतरले. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. टॉवरमधला कंट्रोलर झोपला होता. अनुभव वीस वर्षांचा, सलग चौथी रात्रपाळी आणि सोबतीला कुणीच नाही.

'काढून टाका त्याला!' आपण सगळे आधी हेच म्हणू. त्याला निलंबित केलंही. पण अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने पुढे काय केलं बघा. पंचविसाहून जास्त ठिकाणी रात्री दुसरा कंट्रोलर नेमला. दोन पाळ्यांमधली किमान विश्रांती आठ तासांवरून नऊ तास केली. म्हणजे दुखणं ड्युटी चार्टमध्ये आहे, हे त्यांनाही कळलं होतं. पाळीत ठरवून डुलकी घेऊ द्यायला मात्र तेव्हाच्या परिवहनमंत्र्यांनी साफ नकार दिला. झोपायचा कसला पगार?

मला हे पटत नाही. झोप काही दम देऊन थांबत नाही.

पण नुसतं 'जा, झोप' म्हणूनही भागत नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगेन गावावर दोन विमानं हवेत धडकली. ७१ जण गेले, त्यात कितीतरी शाळकरी मुलं. त्या आकाशाचं नियंत्रण झुरिचहून होत होतं. ड्युटीवर दोघे होते. एक विश्रांतीला गेला आणि दुसरा एकटाच दोन स्क्रीन सांभाळत राहिला. रात्री हे असंच चालतं, हे वरच्यांना माहीत होतं, वर्षानुवर्षं खपवूनही घेतलं होतं. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने त्या कंपनीच्या चार मॅनेजरना दोषी धरलं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. विश्रांती द्याच, पण त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवून. याला पैसे लागतात, मान्य. पण एक माणूस वाचवून केलेली बचत प्रवाशांच्या जिवावर असते.

उद्या तुमच्यातलेच काही जण हॉस्पिटलात, रेल्वेत, कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी करतील. काही जण ड्युटी चार्ट बनवतील. कुणाच्या नावापुढे सलग चौथी रात्र लिहिताना ती पहाटे चारची ओळ आठवा.