माल एक, लेबल भलतंच

कांदेपोह्यांच्या रीलखाली #आयपीएल, #पुणेट्रॅफिक, #सैराट आणि #व्हायरल असे हॅशटॅग मांडीला मांडी लावून बसलेले दिसले, तरी आता कुणी दचकत नाही. पोहे बहुधा उत्तमच असतात. पण नळस्टॉपला गाड्या तुंबल्यात का, हे बघायला गेलेल्या माणसासमोर खोबरं-कोथिंबीर भुरभुरलेली ताटली येते. दोन-चारदा असं झालं की तो त्या हॅशटॅगकडे फिरकायचंच सोडून देतो. नुकसान त्याचं होतं आणि ज्यानं खरोखर ट्रॅफिकची खबर टाकली, त्याचंही. पोहेवाल्याचं काहीच जात नाही.

हॅशटॅग म्हणजे आपल्या दुकानावरचा भोंगा, अशी टाकणाऱ्याची समजूत असते. जन्माच्या वेळी तसं नव्हतं. ख्रिस मेसिना यांनी ऑगस्ट 2007 मध्ये ट्विटरवर # वापरायची कल्पना मांडली, तेव्हा कंपनीनं ती फारशी मनावर घेतली नाही. दोनच महिन्यांत कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या आसपास वणवे पेटले. कुठं आग पोचली, कुठली वस्ती रिकामी करताहेत, हे लोक एकाच हॅशटॅगखाली कळवू लागले आणि ते चिन्ह रुजायला सुरुवात झाली. आपल्याकडे 29 ऑगस्ट 2017 आठवा. ऐन गणपतीत मुंबईत 300 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, लोकल ठप्प झाल्या, आणि अडकलेल्यांना घरी बोलावण्यासाठी अनोळखी माणसं #रेनहोस्ट्स लिहून पुढे आली. पावसाच्या अशा हॅशटॅगखाली कुणी भज्यांवरची सवलत टाकतो, तेव्हा दादरला गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बाईच्या फोनची उरलीसुरली बॅटरी तो खात असतो.

धंदेवाईकांचा लबाडपणा निदान ओळखू तरी येतो. 2009 मध्ये इराणमधल्या निवडणुकीनंतर लोक रस्त्यावर उतरले होते. हॅबिटाट या ब्रिटिश फर्निचर कंपनीनं त्या घडामोडींच्या हॅशटॅगांना आपल्या ऑफरची जाहिरात लटकवली. ओरड झाल्यावर माफी आली, खापर एका इंटर्नवर फुटलं.

मला जास्त अवघड वाटतो तो चांगल्या मनाचा गैरवापर. मे 2020 मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. 2 जूनच्या मंगळवारी निषेध म्हणून जगभरातल्या लोकांनी इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले, कोट्यवधींच्या संख्येनं. त्यासाठी वेगळा हॅशटॅग होता. पण अनेकांनी सहानुभूतीच्या भरात आंदोलनाचाच, ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरचा हॅशटॅगही जोडला. मोर्चा कुठं आहे, अटक झालेल्यांसाठी वकील कुठं मिळेल, जामिनाचे पैसे कुठं द्यायचे, ही माहिती त्याच हॅशटॅगखाली फिरत होती. ती शोधायला गेलेल्याला काळ्या चौकोनांच्या रांगा दिसू लागल्या. शेवटी कार्यकर्त्यांनाच विनवण्या कराव्या लागल्या, की कृपा करून तो हॅशटॅग काढा. या माणसांना प्रसिद्धी नको होती, फक्त आपण सोबत आहोत हे सांगायचं होतं. ते कुठं सांगतोय, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

हे सगळं एकदा होऊन गेलेलं आहे, याचीही आठवण हवी. नव्वदच्या दशकात वेबपानाच्या पोटात न दिसणारे शब्द लिहायची सोय होती. हे पान कशाबद्दल आहे, ते शोधयंत्रांना कळावं म्हणून. लोकांनी तिथं शेजारच्या दुकानाचं नाव, नटनट्यांची नावं, मनाला येईल ते कोंबलं. सप्टेंबर 2009 मध्ये गूगलनं जाहीरच करून टाकलं की क्रमवारी लावताना आम्ही ते शब्द बघतच नाही. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यांचे शब्दही त्या ओल्याबरोबर जळले.

ग्रंथालयात असं सहसा होत नाही, कारण तिथं पुस्तकाला विषयाचा क्रमांक लेखक देत नाही, ग्रंथपाल देतो. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. लेखकाची हौस भागवण्याचा नियम त्यात नाही. विकिपीडियानं तेच सूत्र वेगळ्या पद्धतीनं राबवलं. तिथं लेखाला वर्ग लावता येतात, पण लावणाऱ्याची त्यावर मालकी नसते. गल्लीतल्या नेत्याच्या पानावर कुणी फ्लेक्सवरच्या विशेषणांसारखे समाजसेवक, विचारवंत, कवी असे वर्ग चिकटवले, तर दुसरा कुणीही ते उपटू शकतो. माणूस ज्यासाठी खरोखर ओळखला जातो तेच वर्ग लावावेत, असा दंडक आहे. वाद होतात, कधी कधी फार कंटाळवाणे होतात. तरी वर्ग बऱ्यापैकी शाबूत आहेत.

हॅशटॅगच्या बाबतीत ‘जबाबदारीनं वापरा’ अशा आवाहनांवर माझा काडीचा विश्वास नाही. खोटं लेबल लावून चार जास्त माणसं येणार असतील, तर लोक ते लावणारच. यूट्यूबचा नियम मला त्या मानानं पटतो: एका व्हिडिओला 60 पेक्षा जास्त हॅशटॅग दिसले की ते सगळेच्या सगळे बाद. हव्यास केला की हातचंही गेलं. फक्त 60 हा आकडा भलताच उदार आहे. इन्स्टाग्रामनंही कितीतरी वर्षं एका पोस्टला 30 ची मुभा दिली होती. कुठल्या रीलमध्ये 30 विषय असतात? आकडा पाचावर आणावा, आणि भलत्याच विषयाचा हॅशटॅग आहे अशी वाचकांनी तक्रार केली आणि ती खरी निघाली, तर ती पोस्ट त्या हॅशटॅगखाली दिसूच नये. शिकायला लोकांना आठवडाही लागणार नाही. अडचण एवढीच की रील जितकी फिरते तितक्या जाहिराती खपतात, आणि हा नियम करायचाय तो त्या जाहिरातींवर चालणाऱ्या कंपन्यांनीच.