निकालाच्या दिवसाचे शहाणे

बारावीचा निकाल लागतो त्या दिवशी दुपारी एकनंतर आमच्या गावात जेवढे शिक्षणतज्ज्ञ तयार होतात, तेवढे पुण्यात वर्षभरात होत नसतील. कटिंगच्या दुकानात, पारावर, दूध डेअरीच्या रांगेत, जो तो विचारतो, ‘किती पडले?’ पडले म्हणजे मार्क. आकडा ऐकला की लगेच निवाडा. ऐंशीच्या वर असेल तर ‘डॉक्टर करा’. पन्नाशीत असेल तर पोरगा पोलीस भरतीला आणि पोरगी नवऱ्याच्या घरी.

दुसरे शहाणे शहरातले. ते फोनवर सांगतात, ‘मार्क म्हणजे सर्वस्व नसतं.’ मला ह्या दुसऱ्यांचा राग जास्त येतो. गावातला माणूस निदान त्याला ठाऊक आहे तेवढंच बोलतो. शहरातल्याला प्रवेशाचे रस्ते माहीत असतात, त्याची स्वतःची लेकरं त्याच रस्त्यांनी गेलेली असतात. पण आमच्या लेकराच्या वाट्याला तो फक्त सुविचार देतो. कोणता फॉर्म, कोणती तारीख, कोणता दाखला, हे काही सांगत नाही.

मार्क म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. मी बारावी दिली 1996 साली, मराठवाड्यातल्या एका केंद्रावर. सायन्सला होतो. भौतिकशास्त्राच्या सरांची जागा दोन वर्षं रिकामी. प्रॅक्टिकल वहीतच झालेलं, उपकरणांच्या कपाटाची चावी कुणाकडं असते हेही आम्हाला माहीत नव्हतं. परीक्षेच्या दिवशी मात्र सगळ्या गावाला अभ्यास आठवला. खिडकीखाली चुलते, मामे, मित्र. भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणारा आमच्याच आळीतला. ज्याचे पाव्हणे भिंतीवर चढू शकले त्याला पंचाहत्तर. मला एकोणपन्नास. त्यानंतर वर्षभर लोक मला एकोणपन्नास टक्क्यांचा माणूस म्हणून वागवत होते, आणि पंचाहत्तरवाला मला भौतिकशास्त्र समजावून सांगत होता.

आता कॉपीमुक्त अभियान असतं, भरारी पथक येतं. सगळीकडं तसं नसतं म्हणा, पण जिथं अभियान खरंखुरं झालं तिथं निकाल धाडकन खाली येतो आणि प्रामाणिक लेकराचे चौपन्न टक्के शेजारच्या केंद्रावरच्या अठ्ठ्याऐंशीपुढं ठेवले जातात. ह्या आकड्यांवर आपण लेकरांची आयुष्यं वाटायची?

आमच्याकडं ज्या महापुरुषाचा फोटो प्रत्येक शाळेत आहे, त्यांचे मार्क किती शाळांत सांगतात? बाबासाहेब आंबेडकर 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले ते 750 पैकी 282 गुण घेऊन. म्हणजे अडतीस टक्क्यांना थोडे कमी. परळमधली चाळीतली एक खोली, दिव्याखाली रात्रीचा अभ्यास, वर्गातली शिवाशिव, हे सगळं धरून 282. पुढं सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. मी हे ‘बघा, कमी मार्कवालाही मोठा होतो’ असं सांगायला लिहीत नाही. तसं सांगणारे पोतंभर आहेत. मला दिसतं ते असं, की त्या गुणपत्रिकेपलीकडचा माणूस बघणारं कुणीतरी होतं आणि त्याच्या हातात पैसा होता. फोटोला हार घालणाऱ्यांनी ह्यातलं काय उचललं?

माझ्यापुरतं थोडक्यात सांगतो. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. केलं, तिथल्या एका सरांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं माहितीपत्रक हातात ठेवलं. तिथं प्रवेश परीक्षेवर प्रवेश व्हायचा. बी.ए.ला ठरलेले किमान टक्के असले की बाकी सगळं त्या पेपरावर. शिवाय मागास जिल्ह्यातून आलेल्याला काही जादा गुण मिळायचे. ती पद्धत मधे बंद झाली होती, 1994 मध्ये पुन्हा सुरू झाली. आमचा जिल्हा त्या यादीत होता. मागास असण्याचा फायदा मला जन्मात त्या एकाच वेळी झाला. मनमाडला गाडी बदलून मी दिल्लीला गेलो तेव्हा ट्रंकेत दोन सदरे, शेंगदाण्याची चटणी आणि आईनं बांधून दिलेल्या भाकरी होत्या. तिथं कुणी मला बारावीचे मार्क विचारले नाहीत. पहिले सहा महिने इंग्रजीनं घाम काढला ते वेगळं.

त्या जादा गुणांवर नाक मुरडणारे भरपूर होते. एम.फिल., पीएच.डी.च्या प्रवेशातून 2017 मध्ये ते काढूनही टाकले. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून ओरडणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय : शिक्षक नसलेल्या वर्गातून आलेले एकोणपन्नास आणि तीन क्लास लावून आलेले नव्वद, ह्यातलं जास्त अंतर कोण चाललं?

आता आजचं बोलू. 2021 साली दिल्ली विद्यापीठातल्या काही कॉलेजांनी काही विषयांचा कटऑफ 100 टक्के लावला होता. शंभरातले शंभर! 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी नावाची एकच परीक्षा आली. दिल्ली विद्यापीठात आता बारावी पास व्हा, पुढची यादी सीयूईटीच्या गुणांवर लागते. पेपर तेरा भाषांत देता येतो, त्यात मराठी आहे. कागदावर बघितलं तर आमच्या पोरांसाठी वेस उघडली.

पण ह्या वेशीची तारीख बघा. 2025 मध्ये सीयूईटीचे फॉर्म मार्च महिन्यात भरून घेतले. त्याच वेळी आमच्या पोरांचे बारावीचे पेपर चालू होते. बारावीचा निकाल लागला 5 मे रोजी. म्हणजे मार्क कमी पडले आणि आता दुसरा रस्ता कोणता, हे लेकरू ज्या दिवशी विचारायला लागतं, त्या दिवशी तो रस्ता बंद होऊन महिना उलटलेला असतो. शहरातल्या पोराला क्लासवाला आधीच बसवून फॉर्म भरून घेतो. आमच्या पोराला निकालाच्या दिवशी सुविचार मिळतो.

माझ्या भाचीचं 2024 ला हेच झालं. दाजी आणि ताई ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळी निघते, ती मार्च-एप्रिलला परत येते. सहा महिने घरात म्हातारी आजी, दोन लहान भावंडं आणि ही. स्वयंपाक, पाणी, शेरडं, आजीच्या गोळ्या करून तिनं कला शाखेत चौपन्न टक्के पाडले. पाहुण्यांनी लगेच स्थळ काढलं. आमच्या भागात लग्नाचा एक हिशेब असतो, तो शहरातल्या वाचकाला कदाचित माहीत नसेल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. पोरीचं लग्न म्हणजे नवा कोयता. चौपन्न टक्के हे त्या कोयत्याचं निमित्त.

दाजींना मी म्हणलं, ‘दाजी, एक साल थांबा.’ ते म्हणले, ‘थांबून काय, तुमच्यावानी दिल्लीला धाडता का?’ ताई मधे पडली, ‘धाडू. त्याला धाडलंच व्हतं की आईनं.’ वर्ष थांबले. पोरगी अभ्यासाला बसली तेव्हा दुसरी गंमत कळली. पेपर मराठीत मिळतो, पण अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या पुस्तकांचा, आणि ती पुस्तकं इंग्रजी, हिंदी, उर्दूत, मराठीत नाहीत. तिनं हिंदी पुस्तकं वाचली. ओबीसीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला काढला होता, तो केंद्राला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला काढायला महा-ई-सेवा केंद्र आणि तहसील अशा पाच चकरा. ‘आमच्याकडं हा नमुना कुणी मागतच नाही’ असं तिथल्या माणसानं सांगितलं, आणि खरंच सांगितलं. परीक्षा कॉम्प्युटरवर. माऊस धरायला ती शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन शिकली.

ती आज दिल्लीत इतिहास शिकते. चौपन्न टक्केवाली.

‘ही परीक्षा म्हणजे पुन्हा क्लासवाल्यांची सोय’ असं काही पुरोगामी मित्र म्हणतात. खरं आहे. लातूर घ्या, कोटा घ्या, परीक्षा आली की तिच्यामागं दुकान येतंच. पण शंभर टक्क्यांचा कटऑफ होता तेव्हा माझी भाची कोणत्या दारातून आत जाणार होती? बाजार आहे म्हणून परीक्षेला शिव्या देऊन मोकळं होणं परवडतं ते ज्याचं लेकरू आधीच आत आहे त्याला. बाहेरच्याला फॉर्म लागतो.

आमच्या तालुक्यात निकालानंतर गुणवंतांचे फ्लेक्स लागतात. एका फ्लेक्सच्या पैशात दोन-तीन पोरांची सीयूईटीची फी निघते. कॉलेजं सत्कार घेतात, नारळ-शाल देतात, आमदार येतात. पण डिसेंबरात बारावीच्या वर्गासमोर उभं राहून ‘हा फॉर्म भरायचा आहे, केंद्राच्या नमुन्यातला दाखला आत्ताच काढा, कॉम्प्युटर लॅब शनिवारी उघडी राहील’ एवढी तीन वाक्यं बोलणारा प्राचार्य मला आमच्या भागात अजून भेटायचाय. त्याला सरकारी आदेश लागत नाही, अनुदानही लागत नाही.

यंदा ताई आणि दाजी फडावरून आले की धाकट्याचा नंबर आहे. त्याचा दाखला दिवाळीतच काढून ठेवलाय.