टपालाचा मक्ता आणि मालाचें भाडें

सरकारी तिजोरींतून वाहतूक कंपनीस मदत द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न शेतकऱ्यांच्या मासिकांत कशासाठीं, असें कांहीं वाचकांस वाटेल. आमचें उत्तर असें कीं, ज्याचा माल वाहून न्यावयाचा असतो आणि ज्याच्या करांतून ही मदत दिली जाते, तो मनुष्य बहुधा एकच असतो. परंतु करारनामा लिहितांना त्यास कोणी विचारीत नाहीं. समुद्रावरील टपालाच्या मक्त्यांचा इतिहास ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

प्रथम ह्या मदतीची बाजू सांगणें न्यायाचें आहे. शिडाचीं जहाजें वाऱ्याच्या मर्जीवर चालत आणि विलायतेचें पत्र आफ्रिकेस वळसा घालून येण्यास महिनेच्या महिने लागत. मुंबईस बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० सालीं येथून निघून सुमारें महिन्याभरांत सुएझला पोंचली. परंतु त्या काळच्या आगबोटी कोळसा इतका खात कीं, तो भरल्यावर मालास फारशी जागा उरत नसे. अशी बोट केवळ भाड्यावर चालणें अशक्य होतें. म्हणून ब्रिटिश सरकारनें टपालाचे वार्षिक मक्ते देण्यास आरंभ केला. १८३९ सालीं अटलांटिक महासागरावरील मक्ता क्यूनार्ड ह्यांस मिळाला. स्पेन-पोर्तुगालचें टपाल १८३७ पासून नेणारी कंपनी १८४० सालीं पूर्वेकडे वळली. तीच पुढें प्रसिद्धीस आलेली पी. अँड ओ. कंपनी होय. १८४२ सालीं तिची बोट सुएझ-कलकत्ता मार्गासाठीं निघाली, आणि १८५४ सालीं मुंबई-सुएझ हा मार्गही तिच्याकडे आला. ठरल्या दिवशीं बोट सुटणें व उशीर झाल्यास कंपनीस दंड होणें, ही शिस्त ह्या मक्त्यांनीं घालून दिली. तिचा लाभ व्यापारास झाला, हें आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु शिस्त टपालापुरतीच होती. १८६७ सालचा पी. अँड ओ.चा करार पाहावा. वर्षास चार लाख पौंड तर ठरलेलेच. शिवाय भागीदारांस शेंकडा आठ टक्के नफा न पडल्यास ही रक्कम पांच लाखांपर्यंत वाढविण्याचें कलम त्यांत होतें. ह्या खर्चाचा कांहीं भाग हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडे, आणि त्या तिजोरींतील मोठा वांटा जमीनमहसुलाचा असे. महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हें कलम विलक्षण वाटतें. पीक बुडालें तर शेतकऱ्यास फार तर साऱ्याची तहकुबी मिळे; त्याच साऱ्यांतून परक्या भागीदारांच्या नफ्याची मात्र हमी दिली जाई! १८७० सालीं ही तऱ्हा बदलून ठोक रक्कम ठरविण्यांत आली. पण मालाच्या भाड्याचा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें फळ पुढें दिसलें. मुंबईहून चीन-जपानकडे जाणाऱ्या सुताचें व कापसाचें भाडें जबर होतें. जमशेटजी टाटा ह्यांनीं १८९३ सालीं जपानी आगबोट कंपनीशीं बोलणें करून स्वतःच्या बोटी भाड्यानें आणल्या आणि कमी दर ठेविला. तेव्हां टनास १९ रुपयांच्या आसपास असलेलें भाडें पी. अँड ओ.नें दीड-दोन रुपयांपर्यंत उतरविलें. टाटांस तोटा सोसवेना, बोटी बंद झाल्या आणि दर पुन्हां चढले. ज्या कंपनीस दरसाल सरकारी रक्कम पोंचते, तिला असा तोटा कांहीं काळ सोसणें सोपें असतें. म्हणजे टपालासाठीं दिलेला पैसा मालाच्या बाजारांत प्रतिस्पर्ध्यास मारण्यास उपयोगी पडला. वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाचा भाव अखेर मुंबईच्या बाजारावर अवलंबून होता. तेव्हां ह्या भाड्याची झळ शेतापर्यंत पोंचल्यावांचून कशी राहील?

हा दोष एकट्या इंग्रजांचा नव्हे. अमेरिकेनें कॉलिन्स कंपनीस १८४७ सालीं वर्षास ३,८५,००० डॉलर देऊं केले आणि १८५२ सालीं ते ८,५८,००० पर्यंत वाढविले. कंपनीनें वेगाच्या अट्टाहासानें भपकेदार बोटी चालविल्या. १८५४ सालीं एक बुडाली, १८५६ सालीं दुसरी बेपत्ता झाली, आणि मदत कमी होतांच १८५८ सालीं कंपनी बसली. पुढें १९२८ च्या कायद्यानें त्याच देशानें टपालाच्या वजनावर नव्हे, तर बोटीचा आकार, वेग व प्रवासाचे मैल ह्यांवर पैसे दिले. १९३३ पासून तेथील सेनेटच्या समितीनें चौकशी केली, आणि १९३६ सालीं टपालाचें नांव टाकून मदतीस मदतच म्हणणारा कायदा झाला. आमच्या मतें ह्या साऱ्या कथेंत हें शेवटचें पाऊल सर्वांत प्रामाणिक होय.

आतां दूरदेशीं पत्रें विमानानें जातात. परंतु मदतीची रीत गेलेली नाहीं. सरकारी माल वाहण्याच्या निविदांत भारतीय जहाज कंपन्यांस साहाय्य देण्यासाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं पांच वर्षांकरितां १,६२४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ह्या मालांत खतही येतें. आपल्या देशाचीं जहाजें वाढावींत, हें आम्हांसही इष्ट वाटतें. प्रश्न मदतीचा नसून तिच्या कलमांचा आहे. ७ ऑगस्ट १९२० नव्हे, तर अगदीं अलीकडे, ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून दानापुरास पहिली किसान रेल्वे निघाली. त्याच वर्षीं फळें व भाजीपाला ह्यांच्या भाड्यांत निम्मी सूट देण्यांत आली. येथें मदत गाडीस नव्हे, मालास होती. माल न चढला तर मदतही नाहीं. ही रीत जुन्या मक्त्यांहून उघड चांगली. तथापि माल व्यापाऱ्याच्या नांवें चढला, तर सूट त्याच्याच हातीं राहण्याचा संभव असतो, हेंही विसरतां कामा नये.

नदीवरील तरीचा मक्ता देतांना माणसाचें, बैलाचें व गाडीचें उताराचें भाडें आधीं ठरवून तें पाटीवर लावण्याची चाल आहे. जें कलम गांवच्या नावाड्यास लागूं, तें मोठ्या कंपनीस कां नसावें? म्हणून आमची सूचना अशी: मदत घेणाऱ्यानें शेतमालाचे व खताचे दर आगाऊ जाहीर करावे, मुदत थोडी असावी व दर मुदतीस खुली निविदा निघावी, रक्कम प्रत्यक्ष वाहिलेल्या मालावर मिळावी, आणि वर्षाचा हिशेब मराठींत प्रसिद्ध व्हावा. आपल्या संघांनीं ह्या चार मागण्यांचे ठराव करून आमदार-खासदारांकडे धाडावे. करारावर सह्या झाल्यावर केलेली तक्रार दप्तरांत पडून राहते; सह्यांपूर्वीं घातलेलें एक कलम वर्षानुवर्षें उपयोगी पडतें.