वाढवणचे आकाश

डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराजवळ मुंबईचा तिसरा विमानतळ उभारण्याचा मनोदय राज्य सरकारने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात प्रकट केला. ज्या मच्छीमारांचा बंदरालाच विरोध, त्यांच्या दाराशी विमानतळही आणावा काय, हा वाद मोठा आहे व तो एका परिच्छेदात मिटणारा नाही. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते तेथील जमिनीविषयी नव्हे, तिच्यावरील आकाशाविषयी. भूसंपादनाच्या गलबल्यात त्याची आठवण कोणास होईल असे दिसत नाही.

सूर्यकिरणांनी विद्युत्भारित झालेल्या विरळ हवेचा जो थर उंचावर आहे, त्यास आयनांबर म्हणतात. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे दिवसा वर उचलला जाणारा भारित वायू कारंज्याप्रमाणे दोन्ही बाजूंस ओसंडतो आणि गुजरात-मध्य प्रदेशावर दाट साचतो. डहाणू या दाटीच्या दक्षिण उतारावर आहे. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरात, या वायूत प्रचंड बुडबुडे उठतात आणि त्यांतून येणारी उपग्रहाची रेडिओलहर ताऱ्यासारखी लुकलुकते. लुकलुक वाढली की संदेश तुटतो. अरबी समुद्रावर किनाऱ्यापासून दूर गेलेल्या वैमानिकास नेहमीचा रेडिओ पुरत नाही. त्यास उपग्रह किंवा लघुलहरी हाच आधार. पहिली लहर आयनांबर भेदून येते, दुसरी त्यावरून परतते. दोघींची मदार एकाच लहरी थरावर!

विमान उतरविण्यासाठी इस्रो व विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ‘गगन’ प्रणाली आयनांबराने होणारी चूक दुरुस्त करते. एप्रिल २०२२ मध्ये किशनगड येथे तिच्या साहाय्याने प्रवासी कंपनीचे विमान उतरले, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु आयनांबर फार खवळले असता ही प्रणाली खोटे सांगण्यापेक्षा मौन पत्करते. हा तिचा दोष नव्हे, प्रामाणिकपणा आहे. तथापि नेमक्या त्या वेळी ढगांत असलेल्या वैमानिकाने काय करावे? म्हणून वाढवण येथे जमिनीवरील आय.एल.एस. यंत्रणा पहिल्या दिवसापासून हवी. उपग्रह आहेत, मग हा खर्च कशाला, असे म्हणणारा हिशेबनीस निघाल्यास त्याचे ऐकू नये.

दुसरी मागणी अगदी स्वस्त आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून नोंदी ठेवीत आहे. डहाणूस आयनांबराची नोंद घेणारी दोन ग्राही यंत्रे व एक खोली पुरेल. सौर आवर्तन सुमारे अकरा वर्षांचे असते आणि चालू आवर्तन २०२४ मध्ये शिगेच्या टप्प्यात पोहोचले. पुढची शीग पुढील दशकाच्या मध्यास येईल. तेव्हा धावपट्टी तयार असेल, तर नोंदींची वहीही तयार हवी. ती आजच उघडावी लागेल.