तार घातलीत, आता बॅटरीचीही जबाबदारी घ्या!

कंपवाताच्या रुग्णांनो, त्यांच्या घरच्यांनो,

मोबाईलवर फिरणारा तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. हात थरथरतोय, बटण दाबलं, थरथर थांबली. व्हिडिओ खोटा नाही. मेंदूच्या आत खोलवर विजेचे बारीक ठोके देत राहिलं की कंप थांबतो, हे फ्रान्समधल्या ग्रनोबलला डॉ. बेनाबिद यांनी 1987 मध्येच दाखवून दिलं. असे ठोके देणारी तार मेंदूत बसवण्याची शस्त्रक्रिया आज मुंबई-पुण्यातही होते. रुग्ण नीट निवडला असेल तर गोळ्या कमी होतात, ताठलेला माणूस पुन्हा आपल्या हाताने शर्टाची बटणं लावतो. ऑपरेशन करू नका, असं आम्ही मुळीच म्हणत नाही.

आमचं भांडण व्हिडिओ संपतो तिथून पुढचं आहे.

मेंदूतली तार कातडीखालून मानेतून उतरते आणि छातीत बसवलेल्या यंत्राला जोडली जाते. साध्या यंत्राची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत संपते. मग अख्खं यंत्र बदलायचं, म्हणजे पुन्हा ऑपरेशन आणि पुन्हा लाखांचं बिल. चार्ज करता येणारं यंत्र जास्त टिकतं, पण ते मुळातच महाग. आजार बरा होत नाहीच, तो आतून वाढत राहतो. ठोके अचानक बंद पडले तर ताठरपणा असा उसळतो की जिवावर बेतू शकतं. हे सगळं ऑपरेशनच्या आधी किती घरांना नीट सांगितलं जातं?

आणि कंपनीच उठून गेली तर? अमेरिकेत हे घडलंय. मान मोडून हातपाय लुळे पडलेल्यांसाठी तिथे ‘फ्रीहँड’ नावाचं यंत्र निघालं. खांदा हलवला की निकामी पंजा मिटायचा, माणूस स्वतः काटा-चमचा धरायचा. 1997 मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. 2001 मध्ये परवडत नाही म्हणून कंपनीने ते विकणं बंद केलं. यंत्रं राहिली माणसांच्या अंगात. आपल्याकडे विहिरीच्या जुन्या मोटारीचे सुटे भाग तालुक्याला मिळतात; छातीतल्या यंत्राला तेवढीही हमी नको?

कंपन्या म्हणतात, खप कमी म्हणून किंमत जास्त. बरं, मान्य. मग दर तीन ते पाच वर्षांनी येणारा खर्च पहिल्याच दिवशी कागदावर का येत नाही? सरकारने 2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटची आणि गुडघ्याच्या सांध्याची कमाल किंमत बांधून दिली. तेव्हाही बाजार बुडेल अशी ओरड झाली होती. मेंदूच्या यंत्राची पाळी कधी? आमचे रुग्ण मोजके, त्यातून अनेकांचा आवाजही आजाराने बारीक झालेला, म्हणून?

आमच्या मागण्या: यंत्राची आणि बदलीच्या बॅटरीची कमाल किंमत सरकारने ठरवावी. बॅटरी बदलण्याचा खर्च सरकारी योजनेत आणि विम्यात पूर्ण धरावा. कंपनीने धंदा गुंडाळला तरी सुटे भाग, दुरुस्ती आणि गरज पडल्यास यंत्र काढण्याचा खर्च भागेल एवढी रक्कम विक्रीच्या वेळीच सरकारकडे अनामत ठेवावी.

तोवर, संमतिपत्रावर सही करण्याआधी पुढच्या बॅटरीचा आकडा रुग्णालयाकडून लेखी घ्या. तो मिळत नसेल तर ऑपरेशनची तारीख घेऊ नका.